फॅक्सचा रकाना

मला ती बाई आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आजही आवडते असं नाही. पण खरं काय झालं ते पुरतं आम्हा दोघींनाच माहीत आहे, आणि ती सांगणाऱ्यातली नाही. म्हणून मलाच तोंड उघडायला हवं.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा डेपो होता. ज्यांना घरी नळी लावून श्वास घ्यावा लागतो अशा सहाशे बारा आजाऱ्यांना तिथून सिलिंडर जायचे. मागे गोदाम, पुढे पत्र्याचं ऑफिस. ऑफिसात खिडकीपाशी एक टेबल, त्यावर फोन, एक पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन. या सगळ्यामागे, खुर्चीवर उशी टाकून, ती. वय अठ्ठावन्न, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. टेंपोवाले तोंडावर ‘ताई’ म्हणायचे आणि पाठ फिरली की ‘हवालदारीण’. मी पहिल्याच दिवशी दुसरं नाव उचललं.

माझं काम साधं होतं. म्हणजे मला ते साधं वाटलं होतं. धाकट्या मालकांनी मोबाइल ॲप करून घेतलं होतं. आजाऱ्याच्या घरच्यांनी बटण दाबायचं, टेंपोवाल्याच्या फोनवर पत्ता उमटायचा, सिलिंडर पोचला की त्याने खूण करायची. ॲप तयार होतं, मीच लिहिलं होतं. आता ते त्या पिवळ्या कॉम्प्युटरातल्या डेटाबेसला जोडायचं होतं, कारण सगळी नावं, पत्ते, नंबर तिथे होते. एकवीस वर्षांपूर्वी कुणीतरी तो बनवून दिला होता आणि तो माणूस कधीच परदेशी निघून गेला होता.

मी गेले, लॅपटॉप उघडला, प्लग शोधला. तिथे एक पिन खोचलेली होती ती काढली आणि माझी लावली. पंखा बंद पडला.

“कोण गं तू?”

“ॲप जोडायला आलेय.”

“कशाला जोडायला?”

“तुमच्या डेटाबेसला. म्हणजे या कॉम्प्युटरमध्ये जी माहिती साठवलेली असते ना...”

“डेटाबेस काय असतो ते मला नको शिकवू. एकवीस वर्षं त्यातलं एकेक नाव मी भरलंय. हात लावायच्या आधी मला विचारायचं. एकेक रकाना विचारायचा, मग लावायचा हात.”

“मला वाचता येतो डेटाबेस.”

“वाचता येणं वेगळं आणि कळणं वेगळं, पोरी.”

“मी पोरी नाही. चौतीस वर्षांची आहे.”

“मग चौतीस वर्षांच्या बाईसारखी वाग आणि माझ्या पंख्याची पिन परत लाव. घरून आणलाय तो.”

बाजूला उभे असलेले फिटरकाका खाली मान घालून हसले. व्हॉल्व्ह तपासणारा हा म्हातारा माणूस डेपोतला सगळ्यात जुना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या क्षणापासून मी तिला एकही गोष्ट विचारणार नव्हते, जीव गेला तरी. जीव कुणाचा, याचा विचार तेव्हा केला नाही.

आता माझीही बाजू ऐका. आधीच्या नोकरीतून मला काढलं होतं. हे माझं स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं पहिलं काम होतं. फसलं असतं तर घरी जाऊन आईपुढे पुन्हा एकदा ‘नाही जमलं’ म्हणावं लागलं असतं, आणि आई काही बोलली नसती, नुसतं ताट वाढलं असतं. तेच मला सहन झालं नसतं. मी घाबरलेली होते. घाबरलं की मला राग येतो, लहानपणापासूनची खोड आहे.

तिलाही एक भीती होती आणि ती मला ठाऊक होती. धाकट्या मालकांनी पहिल्याच बैठकीत मला सांगितलं होतं, “ॲप नीट चाललं की फोनच्या टेबलाची गरज उरणार नाही. पण बाबांनी ताईंना शब्द दिलाय, की हातपाय चालतायत तोवर खुर्ची तुमची. उगाच कसं काढणार? त्यांच्या हातून एखादी मोठी चूक निघाली तर गोष्ट वेगळी.” हे बोलून ते हसले. मीही हसले. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

तर तिची खुर्ची. सगळं त्या खुर्चीवरच आलं होतं, आणि ती ते ओळखून होती. जेवायला जाताना कॉम्प्युटरचा माऊस काढून ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करायची. मी दुसऱ्या दिवशी माझा माऊस आणला, तर तिसऱ्या दिवसापासून ती कीबोर्डही ड्रॉवरमध्ये टाकायला लागली. मी फिटरकाकांकडे तक्रार केली. ते म्हणाले, “बाई तशी वाईट नाही हो. तोंड तेवढं तिखट.”

“तेवढंच मला ऐकावं लागतं ना!”

मग त्यांनी तिची कहाणी सांगितली. ती इथे आधी गिऱ्हाईक म्हणून आली होती. सासरे आजारी, नळीवर. सासऱ्यांचं आणि तिचं कधी पटलं नाही, दोघं एकमेकांशी शेजारच्या खोलीतून भांडायचे. एक दिवस टेंपोवाला चुकीच्या जिन्याने चढला, बंद दारावर थाप मारून परत गेला. सासरे वाचले, पण थोडक्यात. दुसऱ्या दिवशी ही डेपोत आली आणि मोठ्या मालकांना तासभर फैलावर घेतलं. जिना कुठला, दार कोण उघडतं, सिलिंडर कोण बदलतं, हे तुम्ही विचारत का नाही? मोठे मालक वैतागून म्हणाले, “एवढं कळतं तर तुम्हीच बसा फोनवर!” ही बसली. घरी नवरा होता, रेडिओ दुरुस्त करायचा, अजून करतो. तो फारसा बोलत नाही. हिच्या घरात बोलायला जागाच मिळत नसेल बिचाऱ्याला.

ही कहाणी ऐकूनही मला काही सुचलं नाही. जिना कुठला, दार कोण उघडतं, हे ती विचारत असणार, तर ते लिहीत कुठे असेल, असा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. मी स्वतःला हुशार समजत होते, म्हणून नाही पडला.

डेटाबेसमध्ये नाव, पत्ता, फोन, फॅक्स, सिलिंडरचा आकार, डॉक्टर इतकेच रकाने होते. फॅक्सच्या रकान्यात पाच-पाच आकडे. २३४०९. ६०२१०. ०५३०२. मी ते बघितले आणि मनात म्हणाले, घ्या, हवालदारणीला फॅक्स नंबरसुद्धा धड भरता येत नाही.

माझा जोडणारा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी जुनी माहिती उचलून ॲपकडे नेणार होता आणि ॲपमधली नवी माहिती जुन्या डेटाबेसमध्ये आणून टाकणार होता. दोन्हीकडे सारखंच असावं, म्हणून. मध्ये मी एक चाळणी ठेवली होती: आठ आकड्यांपेक्षा छोटा नंबर चुकीचा, पुसून टाक. फोनला ती लावली आणि फॅक्सलाही लावली. रविवारी तिची सुट्टी असते. टेंपोवाले शनिवारीच काढलेली यादी घेऊन फिरतात. मी रविवारी फिटरकाकांकडून ड्रॉवरची जादा किल्ली मागून घेतली, प्रोग्राम चालवला, सगळं हिरवं दिसलं. खूश झाले. मग सगळ्या माहितीची एक प्रत काढून ठेवली.

मग. आधी नाही, मग. आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की कशालाही हात लावायच्या आधी प्रत काढायची. मी पुसून झाल्यावर काढली. सहाशे बारा घरांचा फॅक्सचा रकाना कोरा झाला होता, ॲपमध्ये, जुन्या कॉम्प्युटरात आणि माझ्या प्रतीतही.

सोमवारी ॲप सुरू झालं. धाकटे मालक नवा शर्ट घालून आले. डेपोच्या फोनवर त्यांनी रेकॉर्ड केलेला आवाज लावला होता: आमचं नवीन ॲप डाउनलोड करा, धन्यवाद. त्यामुळे हवालदारणीसमोरचा फोन मुका होता. ती हात बांधून बसली होती आणि स्क्रीनवर टेंपोवाल्यांच्या खुणा बघत होती. पोचला, पोचला, पोचला. मी तिच्याकडे बघून मुद्दाम मान डोलावली. अकरा चाळीसला एका नावापुढे लाल खूण आली, ‘दार बंद’.

“मास्तर?” ती ताडकन उठली. “मास्तर घरात नाहीत?”

“दार बंद आहे, म्हणजे नसतील,” मी म्हणाले. “टेंपो पुढे गेला. ॲप उद्याची वेळ देईल.”

“अगं ए! ते ड्रॉइंगमास्तर चार वर्षांत खाटेवरून उतरलेले नाहीत! जातील कुठे? बायको ठार बहिरी आहे, तिला बेल ऐकू येत नाही. शेजारणीला फोन करून दार उघडून घ्यायचं असतं. फॅक्सच्या रकान्यात लिहिलंय ना ढळढळीत!”

तिने रकाना उघडला. कोरा. खालचा उघडला. कोरा. ती भराभर खाली जात राहिली, मी मागे उभी राहून बघत राहिले. तिने मागे वळून मला विचारलंसुद्धा नाही. फोन उचलला, तर आत तोच रेकॉर्ड केलेला आवाज. तिने तो आपटला, पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि शेजारणीचा नंबर तोंडपाठ लावला.

“वहिनी, मास्तरांकडे जा. धावत जा. सिलिंडरचा काटा कितीवर आहे ते बघून मला सांगा.” मग टेंपोवाल्याला, “मागे फिर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सिलिंडर तूच लावायचा, त्या माउलीला जमत नाही. कारणं सांगू नकोस, फिर म्हणते ना!”

टेंपो पोचला तेव्हा काटा शून्याला टेकलेला होता. मास्तरांचे ओठ निळे पडले होते. सिलिंडर बदलल्यावर पाच मिनिटांनी त्यांनी टेंपोवाल्याला आई-बापावरून शिव्या दिल्या. तो फोनवर सांगत होता आणि मागून मास्तरांचा आवाज ऐकू येत होता. ती खुर्चीत बसली, चष्मा काढला, म्हणाली, “शिव्या देतायत ना? मग वाचले.”

दुपारी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी उभ्या होतो. तिने सगळं सांगितलं. प्रोग्राममध्ये नवा रकाना घालता येईना, बनवणारा निघून गेलेला. फॅक्स कुणाकडेच नव्हता, तो रकाना रिकामा होता आणि त्यात फक्त आकडे बसायचे. म्हणून तिने आकड्यांचीच खूण ठरवली. पहिला आकडा, संपत आल्यावर किती तास निघतील. दुसरा, लिफ्ट नसलेले मजले किती. तिसरा, दार कोण उघडतं. चौथा, सिलिंडर घरच्यांना बदलता येतो का. पाचवा, माणूस कसा आहे. टेंपोवाल्यांना ती रोज सकाळी तोंडी सांगायची; त्या सोमवारी मात्र ते ॲपवरचे पत्ते घेऊन परस्पर निघाले होते.

“आणि हे कुठे लिहून ठेवलंत?” धाकटे मालक म्हणाले.

“तिथेच की. रकान्यात.”

“आकड्यांचा अर्थ कुठे लिहिलाय? कोणाला सांगितलाय? एक माणूस मरता मरता वाचला, ताई. सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवलंत, ही चूक कोणाची?”

“मी हिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकेक रकाना विचार म्हणून. विचारा हिला.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. “सांगितलं होतं का?”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला खात्री होती. भांडखोर असो, कजाग असो, पण समोरची बाई धडधडीत खोटं बोलेल असं तिच्या मनातही नव्हतं.

“असं काही आठवत नाही मला,” मी म्हणाले.

मग तिने बघितलं. मी वाट बघत होते की ती आता केबिन डोक्यावर घेईल. मला तेच हवं होतं. तिने आरडाओरडा केला असता तर मलाही करता आला असता. पंख्याच्या पिनेवरून भांडणारी बाई खुर्ची जाताना गप्प बसली. मालक म्हणाले, “हिला सगळी माहिती नीट लिहून द्या आणि मग आता आराम करा, ताई. खूप केलंत.” ती “बरं” म्हणाली.

अकरा दिवस लागले. ती सांगायची, मी ॲपमध्ये भरायचे. चारशेच्या वर घरं तिला तोंडपाठ होती, उरलेल्यांना तिने स्वतःच्या मोबाइलवरून एकेक फोन केला. या घरात कुत्रा आहे, आधी हाक मारायची. या घरात सून उघडते, पण दुपारी नसते. या आजोबांना सांगायचं नाही की सिलिंडर मोठा झालाय, त्यांना वाटतं आजार कमी होतोय. ती एक शब्द कामाबाहेरचा बोलली नाही. पंखासुद्धा माझ्याकडे फिरवून ठेवला होता, कारण लॅपटॉप गरम होत होता. माझा जीव नकोसा झाला. घरी आई विचारायची, “अगं, काम झालं ना? मग तोंड का असं?” मी तिच्यावरही खेकसायचे.

पाचवा आकडा भरताना एकदाच आम्ही अडलो. शून्य म्हणजे शांत माणूस, नऊ म्हणजे महाभांडखोर. मास्तरांना नऊ होते. मी ॲपमध्ये लिहिलं, ‘भांडखोर, शेवटी जावे’.

“शेवटी?” ती म्हणाली. “खोड ते. आधी जायचं. नऊवाल्याकडे सगळ्यांत आधी.”

“का? शिव्या खायला?”

“जो भांडतो तो घाबरलेला असतो. शांत माणसाकडे वेळ असतो. माझे सासरे नऊ होते.” तिने चष्म्याची दोरी सरळ केली. “मी पण.”

तेव्हा तरी बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. मी ‘शेवटी’ खोडलं आणि ‘आधी’ लिहिलं, एवढंच केलं. बाराव्या दिवशी तिने उशी पिशवीत घातली, पंखा काखेत मारला आणि ती गेली. फिटरकाका फाटकापर्यंत सोडायला गेले. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

आठवडाभराने मला राहवेना. मालकांकडे जाऊन सांगून टाकलं, की ताईंनी बजावलं होतं, मी विचारलं नाही, रकाने माझ्या प्रोग्रामने पुसले, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. ते मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, “झालं ते झालं हो. ॲप चालतंय ना?” मला वाटलं होतं ते ओरडतील, काम काढून घेतील. त्यांना हवं ते कधीच मिळालं होतं.

मग मी तिच्या घरी गेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार नवऱ्याने उघडलं, हातात स्क्रूड्रायव्हर. “या ना,” तो म्हणाला. त्याच्या मागून ती आली आणि तो बाजूला झाला.

“मालकांना सगळं खरं सांगितलं मी,” मी म्हणाले. “तुम्ही विचारायला सांगितलं होतं. चूक माझी होती.”

“मग? परत बोलावलंय मला?”

“नाही. झालं ते झालं म्हणाले.”

“तेवढं मलाही कळत होतं.”

“ताई, मी माफी मागायला...”

“अकरा दिवस माझ्यासमोर बसलीस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “माझ्या पंख्याचा वारा खाल्लास. मालक भिंतीपलीकडे बसले होते. तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस? आता खुर्ची गेली, आता आठवलं तुला? माफी न्यायची असेल तर दुसऱ्या कुणाकडून ने. माझ्याकडे नाही.”

तिने दार लावलं. धाडकन नाही, नीट, कडी घालून. मी तिथेच उभी राहिले. आत मोबाइल वाजला.

“हां, बोला,” तिचा आवाज आला, तोच डेपोतला, भिंत फोडून येणारा. “काटा कितीवर आहे? ...ओरडू नका. ओरडू नका म्हणते ना, मी आहे. नळी नीट बसलीय का बघा आधी. टेंपोवाल्याला मी सांगते.”

मी जिना उतरले. घरी येऊन ॲप उघडून बघितलं. त्या दिवशी, त्या वेळेला, एकाही घरातून मागणी नोंदलेली नव्हती.